पौंड हळू का पडला?

एखादे मोठे चलन कोसळेल का, आणि कोसळलेच तर किती वेगाने, हा प्रश्न आज डॉलरच्या संदर्भात विचारला जातो. उत्तर शोधताना बहुतेकांचे लक्ष 1923 सालच्या जर्मन मार्ककडे जाते, कारण त्या गोष्टीत थरार आहे. पण जगाने साठवून ठेवलेले चलन आपले स्थान कसे गमावते, हे समजून घ्यायचे तर पौंडाचा इतिहास अधिक कामाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी जगाचा व्यापार लंडनच्या हुंड्यांवर चालत होता. 1914 पूर्वी एका पौंडाला 4.86 डॉलर मिळत, आणि हा भाव कधी बदलेल असे कुणाच्या मनातही येत नसे. तिथून 1976 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहण्यापर्यंतचा पौंडाचा प्रवास सुमारे साठ वर्षांचा आहे. अभ्यासक या संथपणाकडे दिलासा म्हणून पाहतात: मोठी चलने सावकाश ओसरतात, जगाला सावरायला वेळ मिळतो, असे त्यांचे म्हणणे. मला हा दिलासा पटत नाही. पौंड सावकाश उतरला तो स्वतःच्या बळावर नव्हे. ज्यांच्या हातात तो होता त्यांतल्या अनेकांना तो सोडण्याची मुभा नव्हती, आणि या संथपणाची किंमत त्यांनीच मोजली. त्यांत सर्वांत मोठा धनको हिंदुस्थान होता.

पौंडाचा भाव आणि पौंडाचे स्थान या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. भाव जिन्याने उतरल्यासारखा उतरला. वर्षानुवर्षे एकाच पायरीवर थांबायचे आणि मग एका शनिवार-रविवारात खालच्या पायरीवर यायचे, अशी त्याची चाल होती. 1925 साली अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड पुन्हा युद्धपूर्व भावाने सोन्याशी बांधला. हा भाव ब्रिटिश उद्योगाला झेपणारा नाही, असे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी तेव्हाच बजावले होते. सहा वर्षे तो टिकला. मग 1931च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी बँक अडचणीत आली, जुलैत जर्मनीतल्या बँका बंद पडल्या आणि लंडनमधून पैसा निघू लागला. ऑगस्टमध्ये मजूर पक्षाचे सरकार पडले. पौंड वाचवण्यासाठी राष्ट्रीय सरकार आले, न्यूयॉर्क आणि पॅरिसहून कर्जे आली. सप्टेंबरच्या मध्यावर पगारकपातीच्या विरोधात इनव्हरगॉर्डन इथे नौसैनिकांनी काम नाकारले. 21 सप्टेंबरला ब्रिटनने सोन्याशी असलेला संबंध तोडला, आणि डिसेंबरपर्यंत पौंड 3.40 डॉलरच्या खाली आला. लंडनमधून पैसा निघू लागल्यापासून निर्णयापर्यंत जेमतेम दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत ज्यांनी लंडनच्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांचे काय झाले, याचे ठळक उदाहरण हॉलंडच्या मध्यवर्ती बँकेचे आहे. पौंडाला धोका नाही असा भरवसा लंडनहून मिळाल्यावर तिने आपली पौंडांतली शिल्लक काढली नाही. त्या एका निर्णयात बँकेचे सारे भांडवल बुडाले आणि तिच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. पण हॉलंड स्वतंत्र देश होता. तिथल्या बँकेने चूक केली आणि पुढे ती पौंडापासून दूर राहू शकली. हिंदुस्थानला चूक करण्याचाही अधिकार नव्हता. रुपया 18 पेन्सच्या दराने पौंडाशी बांधलेला होता. पौंड सोन्यापासून सुटला त्याच दिवसांत भारतमंत्री सॅम्युएल होअर यांनी लंडनमधून जाहीर केले की रुपया पौंडाबरोबरच राहील. व्हाइसरॉय विलिंग्डन आणि त्यांचे कार्यकारी मंडळ या धोरणाच्या विरोधात राजीनाम्याची भाषा करू लागले होते, तरी लंडनचाच शब्द चालला. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी त्या वेळी लंडनमध्येच होते.

याचा परिणाम मुंबईने पाहिला. मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीइतकेच होते. पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या मानाने उतरल्यामुळे तोळ्यामागे 21 रुपयांच्या आसपास असलेला सोन्याचा भाव चढला, आणि गावोगावच्या घरांतले दागिने मोडीत निघून मुंबईच्या बंदरातून बाहेर जाऊ लागले. शतकानुशतके सोने आत घेणारा देश काही वर्षे सोने बाहेर पाठवत राहिला. यातले बहुतांश लंडनला गेले आणि ब्रिटनला परदेशी कर्जे फेडायला उपयोगी पडले. चांगला भाव मिळाला म्हणून लोकांनी आनंदाने सोने विकले, असे सरकारी बाजूने तेव्हा सांगितले गेले. ज्याच्यावर साऱ्याचा तगादा आहे त्या कुणब्याने पाटल्या मोडल्या, तर त्याला आनंदाची विक्री म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 1931चा पौंड एका रात्रीत सोन्यापासून सुटूनही पुढे सावरला, त्याला आधार देणाऱ्या गोष्टींत हे सोनेही होते.

दुसरी पायरी याहून मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून कापड, ज्यूट, धान्य, पोलाद आणि सैनिक ब्रिटनच्या कामी आले. त्यांचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत, आणि त्या जमेच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत असे. 1939 साली सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या. भाव कडाडले, आणि 1943 साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. धान्य होते तिथेही ते विकत घेण्याची ऐपत त्यांच्यात उरली नव्हती. युद्धाअखेर ब्रिटनवर अशा शिलकांचे सुमारे 350 कोटी पौंडांचे देणे होते. त्यांतले सुमारे 130 कोटी पौंड, म्हणजे 1,700 कोटींहून अधिक रुपये, एकट्या हिंदुस्थानचे होते. हा पैसा म्हणजे पोटाला चिमटा घेऊन सक्तीने घडलेली बचत होती.

या बचतीचे रक्षण करण्याचे काम एका मराठी माणसाच्या वाट्याला आले. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1944च्या जुलैत ब्रेटन वुड्स परिषदेला गेले. तिथे हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने, विशेषतः मुंबईच्या ए. डी. श्रॉफ यांनी, मागणी केली की या शिलकांचा काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा. मागणी फेटाळली गेली. ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी देणे सन्मानाने फेडण्याचे आश्वासन दिले. मग 1947 साली काय झाले ते पाहावे. अमेरिकेने 375 कोटी डॉलरचे कर्ज देताना पौंड मुक्तपणे बदलून देण्याची अट घातली होती. 15 जुलैला ती अमलात आली. ज्यांना शक्य होते त्यांनी पौंड देऊन डॉलर घ्यायला सुरुवात केली, आणि 20 ऑगस्टला ब्रिटनला हा दरवाजा बंद करावा लागला. जेमतेम पाच आठवडे तो उघडा राहू शकला. पौंडाबद्दल जगाचे खरे मत काय होते, हे त्या पाच आठवड्यांत दिसले. त्यानंतरची शांतता ही विश्वासाची नव्हती, खाती गोठवल्याची होती. भारताची शिल्लकही दोन खात्यांत विभागली गेली होती: एक वापरायचे, दुसरे बंद. 1947च्या ऑगस्टमधल्या करारात वापरायला मिळाले 6.5 कोटी पौंड. 1948च्या करारात, ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या युद्धसामग्रीपोटी 10 कोटी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या तरतुदीसाठी सुमारे 17 कोटी पौंड याच शिलकेतून वळते झाले.

आणि 18 सप्टेंबर 1949, पुन्हा रविवार. अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी अवमूल्यन होणार नाही असे वारंवार सांगितले होते. त्या रात्री पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला गेला. भारतानेही रुपया तेवढाच खाली आणला. पाकिस्तानने नकार दिला आणि कलकत्त्याच्या गिरण्यांना पूर्व बंगालचा ताग मिळेनासा झाला. रुपयांत मोजले तर भारताची शिल्लक कमी झाली नाही, पण अमेरिकेतून धान्य किंवा यंत्रे आणायची म्हटली तर तिची किंमत एका रात्रीत तीस टक्के घटली.

यावर गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळता येत नाही. ही शिल्लक एकदम मोकळी केली असती तर पौंड बुडाला असता आणि भारताच्या हाती कवडी आली नसती. शिवाय ब्रिटनच्या कारखान्यांत तेवढा माल तयारच नव्हता. तेव्हा संथपणात भारताचाही फायदा होता, असा हा युक्तिवाद. हे मला अर्धे मान्य आहे. फेड टप्प्याटप्प्याने व्हायला हवी होती, हे देशमुखांसारख्यांनाही ठाऊक होते. पण टप्पे पाडणे आणि भाव पडण्याचा सगळा धोका धनकोवर टाकणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जेंटिनाने आपल्या युद्धकालीन पौंडांना सोन्याच्या मूल्याची हमी मिळवली होती, कारण तो देश माल देण्यास नकार देऊ शकत होता. हिंदुस्थानला तो पर्याय नव्हता. 1967च्या नोव्हेंबरात पौंड 2.80 वरून 2.40 वर आल्यावर, 1968च्या बाझल करारात ब्रिटनने पौंड बाळगणाऱ्या देशांना डॉलरमूल्याची हमी दिली. म्हणजे हमी अशक्य कधीच नव्हती. धनको निघून जाण्याची खरी भीती निर्माण झाली तेव्हाच ती मिळाली.

मार्कचा दाखला मग कुठे बसतो? 1914पूर्वी मार्कही इतर देश साठवत असत, आणि युद्धानंतर तो सावरेल या आशेने परदेशी लोकांनी तो भरभरून विकत घेतला होता. 1920च्या वसंतापासून वर्षभर तो बराच स्थिरही होता. 1922च्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचा खून झाला, 1923च्या जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूरमध्ये शिरले, आणि नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले. मार्कच्या परदेशी धारकांना थांबवणारे कुणी नव्हते. आशा सुटली तसे ते निघाले. सरकारची छपाई मूळ कारण होतीच, पण वेग ठरवला तो मोकळ्या दाराने. पौंडाचे दार जिथे मोकळे होते तिथे त्याचीही गत वेगळी नव्हती. सुएझ कालव्यावरच्या संघर्षाच्या वेळी, 1956 साली, अमेरिकेने पाठिंबा काढून घेताच ब्रिटनची डॉलरची गंगाजळी इतक्या झपाट्याने आटली की इजिप्तमधून सैन्य मागे घ्यावे लागले. माघार कबूल झाल्यावर डिसेंबरात नाणेनिधीकडून 130 कोटी डॉलरची सोय झाली. पौंड पडायचा की थांबायचा हे तेव्हा वॉशिंग्टनमध्ये ठरले.

आता संगणकावर क्षणात अब्जावधींचे सौदे होतात, तेव्हा जुन्या काळाचे हिशेब लागू नाहीत, असेही म्हटले जाते. भावापुरते ते खरे आहे: 16 सप्टेंबर 1992 रोजी युरोपीय विनिमय यंत्रणेतून बाहेर पडायला पौंडाला एक दिवस पुरला. स्थानाचे तसे नाही. ते कर्जरोखे, करार आणि लष्करी तह यांनी धरून ठेवलेले असते, आणि ही बंधने यंत्राच्या वेगाने सुटत नाहीत. म्हणून डॉलर किती दिवसांत पडेल यापेक्षा, तो पडू लागला तर कुणाला निघता येईल आणि कुणाला येणार नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारताला निघायला वेळ लागला. 1971च्या डिसेंबरात, डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सुटल्यावर, आपण रुपया पुन्हा पौंडाशीच बांधला. 1972च्या जूनमध्ये पौंड तरंगता झाला आणि रुपयाही त्याच्यामागे घसरत गेला. 1975च्या सप्टेंबरात रुपया अनेक चलनांच्या समूहाशी जोडला गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने नाणेनिधीकडे 390 कोटी डॉलरच्या कर्जासाठी अर्ज केला.