दोन विद्या, एक भाव: ब्लॉकचेन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या वेतनाचा इतिहास

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'हायर्ड' या अमेरिकी नोकरभरती संस्थेने वेतनाचे काही आकडे प्रसिद्ध केले. सर्वसाधारण सॉफ्टवेअर अभियंत्याला तेव्हा वर्षाला सरासरी १,३७,००० डॉलर मिळत, तर ब्लॉकचेनवर काम करणाऱ्याला १,५०,००० ते १,७५,००० डॉलर. कृत्रिम बुद्धिमत्तेतील अभियंत्याचे वेतनही जवळजवळ तेवढेच होते. बाजाराने दोन्ही विद्यांना एकच भाव दिला होता.

त्या वर्षी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी हे आकडे वाचले आणि त्यांवरून आपली वाट ठरवली. पुढच्या चार-पाच वर्षांत हे दोन भाव एकमेकांपासून फार दूर गेले. ते का दुरावले याचे उत्तर २०१८ च्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी मागे जावे लागते. पगार किती, या प्रश्नाआधी तो कोण देतो, कशात देतो आणि ते काम येणारी माणसे मुळात इतकी थोडी का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

प्रथम ब्लॉकचेन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनविषयीचा नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या साखळीतील पहिला ठोकळा तयार झाला. निबंधाच्या शेवटी आठ संदर्भ आहेत. त्यांपैकी तीन स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांच्या लेखनाचे आहेत. एखादा दस्तऐवज अमुक वेळी अस्तित्वात होता आणि नंतर बदलला गेला नाही, हे गणिताने कसे सिद्ध करावे, हा प्रश्न या दोघांनी १९९१ मध्येच हाताळला होता. म्हणजे ज्या कौशल्याला २०१८ मध्ये एवढा भाव आला, त्याचा पाया नाणे जन्मण्याच्या सतरा वर्षे आधी एका संशोधन-प्रयोगशाळेत घातला गेला होता.

बिटकॉइनवर आरंभी काम करणारे बहुतेक स्वयंसेवक होते. त्यांना पगार देणारी कंपनीच नव्हती. पगाराची व्यवस्था उभी राहिली ती इथेरियममुळे. २०१३ च्या अखेरीस एकोणीस वर्षांच्या व्हितालिक ब्युटेरिनने त्याची संकल्पना मांडली. २०१४ च्या उन्हाळ्यात, जाळे सुरू होण्यापूर्वीच, त्याचे नाणे विकून सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर उभे करण्यात आले. जुलै २०१५ मध्ये जाळे कार्यान्वित झाले. ही गोष्ट वेतनाच्या इतिहासात नवी होती. अभियंत्याचे वेतन ना ग्राहकाच्या बिलातून येत होते, ना सरकारी अनुदानातून. अजून न बनलेल्या वस्तूचे टोकन विकून आलेल्या पैशातून ते दिले जात होते. पुढे शेकडो प्रकल्पांनी हाच मार्ग धरला आणि पगाराचा काही भाग टोकनांतच देण्याची पद्धत रूढ झाली. नाण्याचा भाव चढला की पगार फुगे आणि भाव उतरला की तो आक्रसे.

वेतन चढे असण्याचे दुसरे कारण कामाच्या स्वरूपातच होते. बँकेच्या संगणकात चूक झाली तर नोंद उलटवता येते. ब्लॉकचेनवर एकदा चढवलेली आज्ञावली सहसा बदलता येत नाही आणि गेलेला पैसा परत येत नाही. १७ जून २०१६ रोजी 'द डाओ' या निधीच्या आज्ञावलीतील एका त्रुटीचा लाभ घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले. त्यांची तेव्हाची किंमत ५ कोटी डॉलरच्या आसपास होती. त्रुटी साधी होती. पैसे आधी दिले जात आणि खात्यातील शिल्लक नंतर कमी केली जाई; मधल्या क्षणी पुन्हा पुन्हा मागणी केली की पुन्हा पुन्हा पैसे मिळत. अशा चुका आधी हेरणारा माणूस साहजिकच महाग झाला. मुंबईत २०१७ मध्ये 'मॅटिक' या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे 'पॉलिगॉन' म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक त्रुटी दाखवून देणाऱ्या तज्ज्ञाला २० लाख डॉलरचे बक्षीस दिले. त्या त्रुटीमुळे सुमारे ८५ कोटी डॉलर धोक्यात होते.

भारतात या क्षेत्राच्या वेतनावर बाजाराइतकाच कायद्याचाही प्रभाव पडला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांशी व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास बँकांना मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले आणि भरती पुन्हा वेगाने सुरू झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या जवळ पोहोचला. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करण्याची सोय ठेवली नाही. जुलैपासून प्रत्येक व्यवहारावर १ टक्का टीडीएसही आला. त्याच वर्षी मे महिन्यात 'टेरा-लुना' आणि नोव्हेंबरमध्ये 'एफटीएक्स' कोसळले. वर्ष संपताना बिटकॉइन १७ हजार डॉलरच्या खाली होता. ज्यांच्या वेतनाचा मोठा भाग टोकनांत होता, त्यांनी त्या वर्षात केलेल्या कामाची किंमत त्यांच्या डोळ्यांदेखत वितळली.

आता दुसरी विद्या. कृत्रिम बुद्धिमत्तेचे वय याहून पन्नासएक वर्षांनी अधिक आहे आणि त्यातील बहुतेक काळ गरिबीचा आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ येथे या विषयाला नाव देणारी बैठक झाली. तिच्यासाठी जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले होते; मिळाले ७,५००. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांच्या 'परसेप्ट्रॉन'चा मोठा गाजावाजा झाला. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पेपर्ट यांनी त्याच्या मर्यादा दाखवल्या. १९७३ च्या लाइटहिल अहवालानंतर ब्रिटनमध्ये अनुदाने आटली. ऐंशीच्या दशकात एक्स्पर्ट सिस्टिमची लाट आली, कंपन्या निघाल्या, पगार वाढले आणि १९८७ च्या सुमारास लिस्प संगणकांचा बाजार बसताच ती लाट ओसरली. २०२२ मध्ये ब्लॉकचेनवाल्यांनी जे पाहिले, ते कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याआधी दोनदा भोगले होते. या काळांना त्या क्षेत्राच्या इतिहासात 'हिवाळा' म्हणतात.

भारताचा यातील सहभाग फारसा सांगितला जात नाही. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प आरंभला. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक-प्रणालींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रासची आयआयटी आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था ही त्याची प्रमुख केंद्रे होती. उच्चारित भाषेचे विश्लेषण, प्रतिमांचे आकलन, समांतर संगणन हे आजचे विषय तेव्हा तेथे सरकारी वेतनावर अभ्यासले जात होते.

त्याच १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची 'बॅकप्रॉपगेशन' पद्धत 'नेचर'मध्ये मांडली. पुढे बरीच वर्षे या मार्गाला विद्वत्सभेतही फारशी प्रतिष्ठा नव्हती. जेफ्री हिंटन कॅनडात सार्वजनिक निधीच्या आधाराने काम करत राहिले. २०१२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी 'इमेजनेट' स्पर्धेत चुकांचे प्रमाण दुसऱ्या क्रमांकाच्या २६.२ टक्क्यांच्या तुलनेत १५.३ टक्क्यांवर आणले. तिघांनी मिळून काढलेली छोटी कंपनी पुढील वर्षी गूगलने घेतली. तिच्याकडे विकायला कोणतेही उत्पादन नव्हते. बोली लागली ती तीन माणसांवर.

येथून वेतनाचा आलेख चढू लागला. लंडनच्या 'डीपमाइंड'चा २०१६ मधील कर्मचारी-खर्च १३ कोटी ८० लाख डॉलर होता आणि कर्मचारी सुमारे ४०० होते. म्हणजे माणशी सरासरी ३,४५,००० डॉलर. 'ओपनएआय' तेव्हा ना-नफा संस्था असल्याने तिला वेतन जाहीर करावे लागे. तिच्या विवरणपत्रानुसार हिंटन यांचे विद्यार्थी इल्या सुत्स्केव्हर यांना २०१६ मध्ये १९ लाख डॉलरहून अधिक मिळाले. २०१७ मध्ये गूगलमधील आठ जणांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना मांडली. त्यांत अशिष वासवानी आणि पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेलेल्या निकी परमार हे दोन भारतीय होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच रचनेवर आधारलेले 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आले. एफटीएक्सच्या दिवाळखोरीला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. दोन भावांची फारकत झाली तो महिना हाच.

जून २०२५ मध्ये 'ओपनएआय'चे सॅम ऑल्टमन यांनी सांगितले की, 'मेटा' त्यांच्या माणसांना १० कोटी डॉलरपर्यंतची सही-रक्कम देऊ करत आहे. अशी रक्कम अगदी मोजक्या वरिष्ठ पदांपुरतीच आहे, असा खुलासा 'मेटा'कडून आला. विद्यार्थ्यांनी हा खुलासा बातमीपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावा. वर दिलेले आकडे नवे मॉडेल घडवू शकणाऱ्या थोड्या संशोधकांचे आहेत. तयार मॉडेल घेऊन एखाद्या बँकेसाठी किंवा दुकानासाठी उपयोजन बनवणारा अभियंताही स्वतःला याच क्षेत्रातील म्हणवतो. त्याचे वेतन मात्र सर्वसाधारण सॉफ्टवेअर अभियंत्याच्या जवळपासच असते. नाव एक असले तरी ते व्यवसाय दोन आहेत.

मग तुलना कशी करावी? ब्लॉकचेनमध्ये दुर्मिळता लवकर भरून निघते. चांगला प्रोग्रामर काही महिन्यांत 'सॉलिडिटी' भाषा शिकतो. २०२४ मध्ये जगात नव्याने या क्षेत्रात आलेल्या मुक्तस्रोत डेव्हलपरांपैकी सुमारे १७ टक्के भारतातील होते आणि ते प्रमाण सर्व देशांत सर्वाधिक होते, असे 'इलेक्ट्रिक कॅपिटल'ची पाहणी सांगते. म्हणजे कर आणि पडझड सोसूनही आपली मुले तिकडे जात आहेत, पण गर्दी वाढली की सामान्य कामाचा भाव उतरतो. टिकतो तो चुका हेरणाऱ्याचा आणि कूटशास्त्र जाणणाऱ्याचा. उलट, नवे मॉडेल घडवू शकणारा संशोधक तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात आणि त्याच्या हाती महागडे जीपीयू असावे लागतात. ही दुर्मिळता एका भरतीच्या हंगामात भरून निघत नाही. पण त्याचे वेतनही मूठभर कंपन्यांच्या भांडवली उमेदीवर उभे आहे, आणि ती उमेद दोनदा आटलेली या क्षेत्राने पाहिली आहे.

यात आपल्या देशाचे काय पणाला लागले आहे, ते एका हिशेबाने दिसते. २०१६ मध्ये भारतात कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, महिना २५,००० रुपये मिळत. डीपमाइंडची त्या वर्षीची सरासरी तेव्हाच्या विनिमय दराने महिना १९ लाख रुपयांच्या वर जाते; सुमारे पंचाहत्तर पट. लंडनची महागाई आणि कर्मचारी-खर्चात मिसळलेल्या इतर बाबी वजा केल्या तरी दरी दरीच राहते. जेआरएफची रक्कम २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० रुपये झाली. २०१८ मध्ये घोषित झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी ७०,००० रुपये ठरले, पण ती मोजक्यांनाच मिळते. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'इंडिया-एआय' अभियानासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात दहा हजारांहून अधिक जीपीयू उभारण्याचे ठरले. यंत्रे पैसे दिल्यावर येतात. ती चालवणारे संशोधक मात्र अधिछात्रवृत्तीच्या पाच-सहा वर्षांतून तयार होतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत कंपनीचे नेमणूकपत्र त्यांच्या हाती पडते.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासातून एखादी वाट निवडण्याचा सल्ला मी देणार नाही. एवढेच सुचवतो, की वेतनाची बातमी वाचाल तेव्हा तो आकडा सरासरी आहे की शिखराचा, रोकड आहे की टोकन वा समभाग, आणि तो देणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न कोठून येते, हे आधी पाहा. मग ते काम शिकायला किती काळ लागतो ते पाहा. तेवढ्याच काळात तुमच्याबरोबर आणखी किती जण ते शिकून बाहेर पडतील, याचा अंदाज त्यावरून येतो. संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित, कूटशास्त्र आणि वितरित संगणन हे विषय दोन्ही क्षेत्रांच्या चढ-उतारांत शाबूत राहिले. हेबर-स्टॉर्नेटांचा निबंध लिहिला गेला तेव्हा आणि हिंटन यांची पद्धत छापली गेली तेव्हा त्या कामाला बाजारात भाव नव्हता. तो येईपर्यंत कोणीतरी त्यांना प्रयोगशाळा आणि पगार देत राहिले. आपल्या विद्यापीठांत आज असे काम कोण करत आहे आणि त्याचा महिना कसा भागतो, याची चौकशी आपण वाचकांनीही करायला हवी.