रॉय फ्रान्सिस : डावललेला खेळाडू, नामांकित प्रशिक्षक

इंग्लंडच्या उत्तर भागांत, कापडाच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि गोद्या यांच्या आधारानें वाढलेल्या शहरांत, रग्बीचा एक निराळा पंथ सव्वा शतकाहून अधिक काळ नांदत आहे. या पंथाचा उगम मजुरीच्या हिशेबांत आहे. शनिवारीं सामना खेळावयाचा म्हणजे कामगार खेळाडूची त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. तर खेळासाठीं पैसा घेणें म्हणजे खेळ विटाळणें, असें रग्बी युनियनच्या धुरीणांचें मत होतें. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत या क्लबांनीं वेगळी चूल मांडली. पुढें १९०६ सालीं त्यांनीं पंधरांऐवजीं तेरा खेळाडूंचा संघ ठरविला. हीच रग्बी लीग होय.

श्रमाचें मोल ओळखणाऱ्या या खेळांत माणसाच्या कातडीचा रंग पाहिला जात नसेल, अशी अपेक्षा सहजच होते. ती कितपत खरी ठरली, याचें उत्तर रॉय फ्रान्सिस याच्या चरित्रांत सांपडतें.

फ्रान्सिसचा जन्म १९१९ सालचा. वेल्समधील ब्रिनमॉर या गांवीं तो लहानाचा मोठा झाला. तो कृष्णवर्णी होता. १९३६ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, विगन क्लबानें त्याला करारानें बांधून घेतलें. त्या काळीं वेल्समधून उत्तरेस जाऊन पैसे घेऊन खेळणें हें साधें पाऊल नव्हतें. तें टाकणाऱ्यास युनियनचीं दारें बंद होत. विगन येथें पुढें ऑस्ट्रेलियाहून आलेला हॅरी संडरलंड व्यवस्थापक झाला, आणि फ्रान्सिसला संघांत जागा मिळेनाशी झाली. १९३९ सालीं तो बॅरो क्लबाकडे गेला. महायुद्धाच्या काळांत सैन्यांत शारीरिक शिक्षण देण्याचें काम त्याच्याकडे आलें. माणसाचें शरीर कसें घडवावें, याचा विचार करण्याची संवय त्याला याच कामानें लागली असावी.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं ब्रिटनचा संघ ‘इंडॉमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेवरून ऑस्ट्रेलियास निघाला. कर्णधार गस रिस्मन हा वेल्सचाच होता. फ्रान्सिसचा खेळ त्या वेळीं ऐन भरांत होता. तरी यादींत त्याचें नांव आलें नाहीं. गोऱ्यांखेरीज इतरांस देशांत वसूं न देण्याचें ऑस्ट्रेलियाचें धोरण तेव्हां चालू होतें. यजमानांस अवघड वाटूं नये म्हणून फ्रान्सिसला वगळलें, असें या खेळाचे इतिहासकार मानतात. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९४७ मध्यें, न्यूझीलंडविरुद्ध तो ब्रिटनतर्फे खेळला व त्यानें दोन वेळां चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकविला. ब्रिटनच्या रग्बी लीग संघांत खेळलेला तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू होय. परंतु तो सामना त्याचा पहिला आणि शेवटचाही ठरला.

येथेंच त्याची गोष्ट संपावयाची, तर ती एका अन्यायाची गोष्ट झाली असती. १९४९ सालीं तो हल क्लबांत आला आणि थोड्याच काळांत तेथें खेळाडू असतांनाच प्रशिक्षकही झाला. व्यावसायिक खेळांतील ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णी प्रशिक्षक म्हणून त्याची गणना होते. त्या काळीं प्रशिक्षण म्हणजे मैदानाभोंवतीं फेऱ्या मारून घेणें, एवढीच बहुतेकांची कल्पना होती. फ्रान्सिसनें वेगानें धांवण्याच्या सरावावर व वजनें उचलण्यावर भर दिला. सामन्यांचीं चित्रणें दाखवून खेळाडूंना त्यांच्या चुका त्यांच्याच डोळ्यांनीं पाहावयास लाविलें. खेळाडूचें चित्त घरीं स्वस्थ नसेल तर तें मैदानावरही स्वस्थ राहणार नाहीं, हें ओळखून त्यानें त्यांच्या बायकामुलांनाही क्लबाच्या जीवनांत सामावून घेतलें.

याचीं फळें लवकरच दिसलीं. १९५६ सालीं हलनें हॅलिफॅक्सचा १०-९ असा निसटता पराभव करून अजिंक्यपद मिळविलें; १९५८ सालीं वर्किंग्टन टाऊनला २०-३ असें हरवून तें पुन्हा आणलें. १९५९ व १९६० अशीं दोन्ही वर्षें चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यांत मात्र त्याच्या पदरीं पराभवच आला. १९६१ सालीं कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन हा कृष्णवर्णी तरुण याच क्लबांत आला. लहानपणीं पायांवर शस्त्रक्रिया झालेला हा मुलगा पुढें ब्रिटनचा कर्णधार झाला, आणि १९७२ सालीं त्याच्याच नेतृत्वाखालीं ब्रिटननें विश्वचषक जिंकला. गुरूला जें एकदांच लाभलें, तें शिष्यानें मानानें मिरविलें.

१९६३ सालीं फ्रान्सिस लीड्स क्लबाकडे गेला. ११ मे १९६८ रोजीं वेंब्ली येथें लीड्स व वेकफील्ड ट्रिनिटी यांच्यांत चषकाचा अंतिम सामना झाला. पावसानें मैदानाचें तळें झालें होतें. अखेरच्या क्षणीं वेकफील्डनें रेषा ओलांडली व गुणफलक ११-१० झाला. खांबांच्या समोरूनच मारावयाची लाथ डॉन फॉक्सनें चुकविली आणि चषक लीड्सकडे गेला. त्या दिवशीं लीड्सच्या चारही लाथा अचूक मारणारा बेव्ह रिस्मन हा १९४६ च्या कर्णधाराचा मुलगा. बापाच्या नौकेवर ज्याला जागा मिळाली नव्हती, त्याच्याच हाताखालीं मुलानें चषक जिंकला.

त्यानंतर फ्रान्सिस ऑस्ट्रेलियास गेला. १९६९ व १९७० हीं दोन वर्षें त्यानें नॉर्थ सिडनी क्लबाला शिकविलें. परंतु तेथें त्याच्या वाट्यास वर्णद्वेषच अधिक आला. तो परतला, पुन्हा हल येथें राहिला, आणि १९७५ सालीं लीड्सला प्रीमियरशिपचा पहिला मान मिळवून देऊन ब्रॅडफर्डकडे गेला. १९८९ सालीं तो निवर्तला. २०२३ सालीं ब्रिनमॉर येथें त्याचा पुतळा उभा राहिला.

मजुरीच्या न्याय्य हक्कासाठीं जन्मलेल्या खेळालाही दुसऱ्याच्या पूर्वग्रहापुढें मान तुकवितांना लाज वाटली नाहीं, ही या चरित्रांतील कडू गोष्ट. पण डावललेल्या त्या माणसानें कडवटपणा आपल्या शिकवण्यांत उतरूं दिला नाहीं. ज्याला स्वतःला दार बंद मिळालें, त्यानें शिष्यांसाठीं दारें उघडीं ठेविलीं. शिक्षकाच्या थोरवीचें याहून मोठें प्रमाण दुसरें कोणतें असणार?