माहुलीचा खंड्या

गतवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी कासुर्डीच्या आमच्या घरचा कुत्रा गेला. सोलापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला. निंबाखाली खड्डा खणून मी त्याला मूठमाती दिली. नात आठ वर्षांची. दोन दिवस धड जेवली नाही. अंगणात पणत्या लागल्या तरी बाहेर येईना. शेजारणी म्हणाल्या, “कुत्र्यासाठी का कोणी एवढं रडतं? दुसरं पिल्लू आणा.” मीही तेच म्हणणार होतो, इतक्यात पोरीने विचारले, “आबा, कुत्र्याची समाधी असती का कुठं?”

असते. साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तेथे छत्रपती शाहूमहाराजांच्या समाधीजवळ त्यांच्या लाडक्या कुत्र्याचे दगडी शिल्प आहे. हे शाहू कोल्हापूरचे नव्हेत. संभाजीराजांचे चिरंजीव, साताऱ्याचे. लोक त्या कुत्र्याला खंड्या म्हणतात. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचविला, अशी कथा आहे. महाराजांनी त्याला सनद देऊन जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि ती पालखी खरोखरच पदरी ठेवलेली होती. एकदा कोणी मराठा सरदार दरबारी यायचा होता, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला जरीचे वस्त्र व जडजवाहीर घातले आणि आपली पगडी काढून त्याच्या मस्तकी ठेवली. पुढे स्वतः पगडी म्हणून घातली नाही!

ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात दिली आहे. साहेबाच्या मते हा सारा बुद्धिभ्रंशाचा प्रकार. असेलही. महाराजांचे अखेरचे दिवस दुःखाचेच गेले. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निवर्तले. पण मला आठवतो तो त्यांचा आरंभ. १६८९ साली बाप मारला गेला, रायगड पडला, आणि हे सात वर्षांचे पोर आईसह मोगलांच्या छावणीत गेले. सुटका झाली ती १७०७ साली. ज्याचे सारे बाळपण शत्रूच्या तंबूत सरले, त्याने निष्ठेची किंमत पगडीहून अधिक लावली, तर त्याला एकदम वेडा ठरवायला माझे मन धजत नाही.

आणि तो एकटाच नव्हे. कर्नाटकात आतकूर येथे सुमारे ९५० सालचा शिलालेख सापडला आहे. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळातला. लढाईतील पराक्रमावर खूश होऊन गंगराजा बूतुगाने मनलेर नावाच्या वीराला ‘माग’ म्हटले. त्याने काय मागावे? राजाची काळी नावाची कुत्री! पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मनलेराने देवळापुढे शिळा उभी केली, तिला जमीन लावून दिली. शिळेची पूजा न करता त्या जमिनीचे पीक खाणाऱ्यास कुत्र्याचे पाप लागेल, असेही कोरून ठेवले.

भाऊबीज उरकल्यावर पोरीला घेऊन मी माहुलीला गेलो. पगडीची गोष्ट तिथेच नदीकाठी सांगितली. ती काही बोलली नाही. घरी मात्र पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी थंडी पडली. सुनेने दोनदा विचारले, “हिची लोकरीची टोपी कुठं गेली?” टोपी निंबाखालच्या दगडावर होती. मी पाहिली होती, पण सांगितले नाही.