शहरातून गावाकडे : कुलूप उघडण्यापूर्वी पारखायच्या गोष्टी

चवथीला दोन-तीन दिवस उरले की गोव्यातील अनेक गावांत वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपे उघडतात. कोळिष्टके झाडली जातात, माटोळीचे सामान येते, पणजी-मडगावच्या सदनिकांत राहणारी भावंडे एका पंक्तीला बसतात. विसर्जनानंतर पडवीत बसलेल्या कोणाच्या तरी मनात एक विचार हमखास येतो : निवृत्तीनंतर, किंवा त्याआधीच, इथेच येऊन राहावे. बहुतेक वेळा हा विचार पुढच्या चवथीपर्यंत तसाच राहतो. काही कुटुंबे मात्र तो गांभीर्याने घेतात. अशा कुटुंबांना कोणत्या गोष्टी आधी तपासाव्या लागतात, याचा हा आढावा.

गावांतील लोकसंख्येचा उतार

२००१च्या जनगणनेत गोव्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ लाख ७७ हजार होती. २०११मध्ये ती सुमारे ५ लाख ५२ हजारांवर आली. शहरी लोकसंख्येचे प्रमाण याच दहा वर्षांत जवळपास ५० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेले. या बदलामागे केवळ स्थलांतर नाही. अनेक मोठी गावे या काळात जनगणनेच्या निकषांनुसार शहरे म्हणून गणली गेली. ग्रामपंचायत तीच राहिली, वर्ग बदलला. तरीही सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत तरुण पिढी नोकरीसाठी बाहेर पडली आणि घरांत वृद्ध माणसे उरली, हे चित्र कोणाही गावकऱ्याच्या परिचयाचे आहे.

गोव्याचा आकार लहान आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १०५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ६५ किलोमीटर. त्यामुळे गावी परतणे म्हणजे शहर कायमचे सोडणे, असा अर्थ इथे होत नाही. गावात राहून शहरात नोकरी करणे, आठवड्याचे काही दिवस गावात काढणे किंवा पूर्णपणे शेती-बागायतीवर येणे, असे तीन मार्ग खुले असतात. तिन्हींची सुरुवात मात्र एकाच प्रश्नाने होते.

घर कोणाचे?

वडिलोपार्जित घराबद्दल 'आमचे घर' असे सहज म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्या 'आमचे'मध्ये किती माणसे येतात, हे आधी पाहावे लागते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला समान कौटुंबिक कायदा लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि दोघांच्या सह्यांशिवाय स्थावराची विक्री होत नाही. वारसांत मुलगा-मुलगी असा भेद नाही. आजोबांच्या नावावरील घरावर म्हणूनच दोन पिढ्यांनंतर पंधरा-वीस जणांचा हक्क असू शकतो. त्यांतले काही बेळगावात, काही मुंबईत, काही पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले असतात.

घरपट्टीची पावती एका भावाच्या नावावर असणे म्हणजे मालकी नव्हे. नमुना १ व १४च्या उताऱ्यातील नावही अंतिम मालकीचा पुरावा नसते; ती नोंद चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत बरोबर मानली जाते, एवढेच. वारसांची रीतसर निश्चिती आणि वाटणी करायची तर इन्व्हेंटरी प्रक्रियेतून जावे लागते. तिच्यासाठी २०१२चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा आहे. वाटणी न झालेल्या मालमत्तेतील आपला हिस्सा एखाद्या वारसाला परक्याला विकायचा असेल, तर इतर सहहिस्सेदारांना अग्रहक्क असतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नात्यांत कडवटपणा येण्याची जागा हीच. एक भाऊ गावी परततो, पदरमोड करून छप्पर बदलतो, विहीर उपसतो, न्हाणीघर बांधतो. घर राहण्याजोगे झाल्यावर इतरांना आपल्या हिश्श्याची आठवण होते. त्यांचे चुकते असेही नाही. हक्क त्यांचाही असतो. म्हणून पहिली वीट बसवण्यापूर्वी सर्व वारसांशी लेखी समझोता करणे आवश्यक ठरते. राहणाऱ्याने केलेला खर्च वाटणीत कसा धरायचा, चवथीला सर्वांनी कुठे उतरायचे, देवघर कोणाकडे राहील, या गोष्टी कागदावर आल्या की पुढचे अनेक वाद टळतात.

काही घरांची स्थिती आणखी वेगळी असते. घर मुंडकाराचे आणि जमीन भाटकाराची असेल, तर १९७५च्या मुंडकार संरक्षण कायद्याने मुंडकाराला बेदखल होण्यापासून संरक्षण दिले आहे आणि घर व सभोवतालची ठरावीक जागा खरेदी करण्याचा हक्कही दिला आहे. मात्र खरेदीची प्रक्रिया पुरी न झालेली कुटुंबे आजही आहेत. मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी मामलेदार कार्यालयात आपल्या नोंदीची स्थिती पाहणे त्यांच्या हिताचे आहे. कोमुनिदादच्या किंवा देवस्थानच्या जमिनीवरील घरे आणि सत्तरीतील मोकासो जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे यांचे प्रश्न याहून गुंतागुंतीचे आहेत. तिथे जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून पैसा घालू नये.

विकत घ्यायचे असेल तर

गावात ज्यांचे घर नाही, त्यांना जागा विकत घ्यावी लागते. स्वस्त वाटणारी जमीन बहुधा वसाहत विभागात नसते. घर बांधण्यासाठी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, बिगरशेती वापराची सनद आणि पंचायतीचा बांधकाम परवाना लागतो. 'सनद नंतर मिळेल' या आश्वासनावर केलेला व्यवहार हा धोका पत्करून केलेला व्यवहार असतो. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१च्या भूवापर नियमन कायद्यानुसार शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३च्या कायद्याने निर्बंध आणले आहेत. खाजन जमिनी व खाडीकाठ यांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात.

बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी वाढल्याने २०२२मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक व चौकशी आयोग नेमावा लागला होता. मालक परदेशी असलेल्या किंवा वर्षानुवर्षे बंद असलेल्या मालमत्तांवर अशा लोकांचे विशेष लक्ष असते. गावी परतण्याचा विचार नसलेल्या कुटुंबांनीही आपले उतारे अधूनमधून तपासावेत, हा त्यातून मिळालेला धडा आहे.

पाऊस आणि उन्हाळा

गावाचे घर बहुतेक जण चवथीला किंवा डिसेंबरात पाहतात. तेव्हा हवा प्रसन्न असते, विहिरीला पाणी असते आणि घरात माणसे असतात. घराची खरी पारख जून-जुलैत आणि एप्रिल-मे महिन्यांत होते.

किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी तो याहून बराच अधिक असतो. मंगलोरी कौलांचे छप्पर दर वर्षी पावसाआधी परतून घ्यावे लागते आणि ते काम जाणणारी माणसे आता कमी झाली आहेत. मातीच्या भिंती बंद घरात ओल धरतात, वाशांना वाळवी लागते. झाडे तारांवर पडून वीज गेली, की आडवळणाच्या वाड्यावर ती परत यायला वेळ लागतो. जुलै २०२१च्या पुरात सत्तरी, डिचोली व इतर भागांत अनेक घरांची पडझड झाली. नदीकाठचे किंवा डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवरचे घर घेताना त्या वर्षी पाणी कुठवर आले होते आणि दरड कुठे कोसळली होती, हे शेजाऱ्यांना विचारावे. सरकारी कागदात नसलेली ही माहिती वाड्यावरील वृद्धांना तोंडपाठ असते.

उन्हाळ्याची परीक्षा पाण्याची. २०२२मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले. परंतु घरात नळ असणे आणि मे महिन्यात त्याला पुरेसे पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराच्या विहिरीचे पाणी मेअखेर कितपत टिकते, हे पाहिल्याशिवाय बागायतीचा बेत आखू नये. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यांत खाणी जवळ असतील तर विहिरींच्या पाण्याची चौकशी अधिक बारकाईने करावी लागते.

दवाखाना, शाळा, बस

तरुण जोडप्याला शाळेचा आणि वृद्धांना दवाखान्याचा प्रश्न आधी पडतो. गावातील सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडत असतील, तर मुलांना रोज तालुक्याच्या गावी जावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रे सर्वत्र आहेत. पण हृदयविकार किंवा मेंदूतील रक्तस्राव यांसारख्या प्रसंगी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. काणकोणहून बांबोळीला जाण्यास लागणारा वेळ रात्रीच्या पावसात किती वाढतो, याचा अंदाज आधी घ्यावा. सर्पदंशाची शक्यताही विसरू नये. लस कोणत्या केंद्रात मिळते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांनी गोचिडांपासून जपावे, असे आरोग्य खाते म्हणूनच वारंवार बजावते.

मुख्य रस्त्यावरील गावांत बसगाड्यांची सोय ठीक असते, आतल्या वाड्यांवर सायंकाळनंतर ती जवळपास थांबते. दुचाकी चालवू न शकणाऱ्या माणसाचे गावातील जग फार लवकर आक्रसते. परतण्याचा निर्णय बहुधा पुरुष घेतात. रोजचा स्वयंपाक, आजारपण आणि येणारा-जाणारा पाहुणा यांचा भार घरातील स्त्रीवर येतो. शहरातील तिची नोकरी, मैत्रिणी आणि मोकळेपणा यांचा विचार त्या निर्णयात झाला नसेल, तर एक-दोन पावसाळ्यांत घर पुन्हा बंद होते.

बागायतीचा हिशेब

'नोकरी सोडून कुळागर करीन' हे स्वप्न अनेकांचे असते. सुपारी किंवा माडाची नवी लागवड उत्पन्न देऊ लागायला पाच-सात वर्षे जातात. काजूची कलमे त्याआधी धरतात. तोपर्यंतच्या घरखर्चाची तजवीज वेगळी असावी लागते. सुपारीवर पावसाळ्यात कोळे रोग येतो आणि त्यासाठी वेळेवर बोर्डो मिश्रण फवारावे लागते. नारळ काढायला पाडेली मिळत नाही, ही तक्रार पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येते. माकडे, रानडुकरे आणि गवे यांनी कित्येकांना शेती सोडायला लावली आहे. पेडणे तालुक्याला तिळारीच्या बाजूने येणाऱ्या हत्तींचाही उपद्रव झाला आहे. कृषी कार्डधारकांना सरकारी योजनांचा आधार मिळतो आणि गोवा बागायतदार संस्थेसारखी खात्रीची बाजारपेठही आहे. तरीसुद्धा पहिली काही वर्षे निवृत्तिवेतन किंवा शहरातील एक पगार पाठीशी असलेलेच कुटुंब टिकून राहते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

गावाशी नाते

गावात परतणाऱ्याला सर्वजण ओळखतात. तो कोणाचा नातू, कोणत्या घरचा, हे त्याला सांगावे लागत नाही. या ओळखीसोबत जबाबदारीही येते. जत्रा, शिगमो, कालोत्सव यांत वर्गणीबरोबर श्रमही द्यावे लागतात. मानपानाचे जुने वाद अचानक आपले होतात. जुनी पायवाट आपल्या भाटातून जात असेल, तर कुंपण घालण्याचा पहिला दिवसच शेजाऱ्याशी अबोला धरण्याचा दिवस ठरू शकतो. ग्रामसभेत पहिल्याच रविवारी गाव सुधारायला निघालेल्या माणसाचे फारसे कोणी ऐकत नाही. वर्षभर मागे बसून ऐकणाऱ्याला पुढे बोलावले जाते.

निर्णयाची रीत

या सर्व गोष्टी पाहता एकदम सारे आवरून गावी जाण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जाणे शहाणपणाचे. प्रथम कागदपत्रे आणि वारसांची संमती. मग शहरातील घर न विकता एक अखंड पावसाळा व एक अखंड उन्हाळा गावात काढणे. आपले घर राहण्याजोगे नसेल, तर त्याच परिसरात भाड्याने राहूनही हा अनुभव घेता येतो. त्यानंतर दुरुस्ती, आणि सर्वांत शेवटी नोकरीविषयीचा निर्णय. हा क्रम उलटवणाऱ्यांना परतीची वाट उरत नाही.

प्रत्येकाने गावी परतलेच पाहिजे असे नाही. ज्यांना जमणार नाही, त्यांनीही वारसांची नोंद अद्ययावत करणे, घर विश्वासू गावकऱ्याला किंवा नात्यातील गरजूला लेखी कराराने राहायला देणे, एवढे तरी करता येते. कारण न राहणे, न वाटणे आणि न देणे या तिन्हींतून घर फक्त पडते. पडलेल्या घराच्या जागेवर शेवटी जे उभे राहते, ते ठरवण्याचा अधिकार बहुधा त्या कुटुंबाकडे किंवा त्या गावाकडे उरलेला नसतो.