उडीआधीची तालीम

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) रीतसर उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये झाले. तेथील छात्रांना कवायतीबरोबर अश्वारोहणाचेही धडे दिले जातात. अडथळ्यांवरून झेपावणारा घोडा प्रेक्षकांना थक्क करतो. मात्र त्या झेपेची तयारी अडथळे नसलेल्या सपाट मैदानावरच होत असते. या तालमीस 'फ्लॅटवर्क' म्हणतात.

शो जंपिंगमध्ये दांडी पाडल्यास चार दोषगुण मिळतात. त्याचे कारण पुष्कळदा उडीत नसून त्यापूर्वीच्या पावलांत दडलेले असते. कँटर चालीत घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची धरली जाते. दोन अडथळ्यांमध्ये ६० फूट अंतर असल्यास उतरण्यासाठी ६ फूट, पुढील उडीसाठी ६ फूट आणि मधल्या ४८ फुटांत चार ढांगा, असा हिशेब बसतो. प्रत्येक ढांग फूटभर लांबली, तर घोडा चार फूट पुढे जाऊन अडथळ्याच्या पायथ्याशीच पोहोचतो. आखडली, तर त्याला फार दुरून झेप घ्यावी लागते. दोन्ही वेळी दांडी पडण्याचा, घोडा अडण्याचा आणि स्वार फेकला जाण्याचा धोका असतो.

म्हणूनच स्वाराच्या इशाऱ्यानिशी ढांग लांबविणे व आखडणे घोड्याला आधी सपाटीवर शिकविले जाते. प्रारंभी सैल लगामाने चालवून त्याचे अंग मोकळे करतात. नंतर दुडक्या चालीत लय स्थिर केली जाते. २० मीटर व्यासाच्या वर्तुळांवर फिरविल्याने दोन्ही बाजूंचा लवचीकपणा वाढतो. चालीतील वारंवार बदलांमुळे वजन मागील पायांवर घेण्याची सवय लागते. उडीचा जोर तेथूनच मिळतो. कँटरमध्ये उजव्या वळणावर उजवा, तर डाव्या वळणावर डावा पुढचा पाय आघाडीवर असावा लागतो. अन्यथा वळणात तोल बिघडतो.

या तालमीत स्वाराचीही परीक्षा असते. मांड पक्की नसल्यास तो लगामाच्या आधाराने तोल सावरतो आणि घोड्याच्या तोंडाला हिसके बसतात.

ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग अशा तिन्ही कसोट्या एकाच घोड्यावर देण्याच्या इव्हेंटिंग प्रकारात फौआद मिर्झा यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये २३ वे स्थान मिळविले. सपाटीवरील शिस्त आणि झेप यांचे नाते या प्रकारात स्पष्ट दिसते. सपाटीवर हलक्या इशाऱ्याने न थांबणाऱ्या घोड्यापुढील दांडी उंचावण्याची घाई करू नये, हेच बरे.