झिप फाइल
झिप फाइल : संगणकातील एक वा अनेक फाइली आकाराने लहान करून एकाच वेष्टनात साठविण्याची प्रमाणभूत पद्धती. माहितीतील पुनरुक्ती हेरून ती थोडक्या संकेतांत मांडणे यास संपीडन म्हणतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळणे आवश्यक असते. एक बिट बदलला, तरी आज्ञावली निकामी होऊ शकते.

या संपीडनाचा सैद्धांतिक पाया पूर्वीच घातला गेला होता. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देण्याची रीत मांडली. अब्राहम लेंपेल व याकोब झिव या इझ्राएली शास्त्रज्ञांनी १९७७ साली, पुन्हा येणाऱ्या मजकुराऐवजी त्याच्या आधीच्या स्थानाचे अंतर व लांबी नोंदविण्याची रीत सुचविली.

प्रत्यक्ष निकड निर्माण झाली ती दूरध्वनीमुळे. वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागो येथे पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केला. पुढे अमेरिकेत असे अनेक बोर्ड निघाले व हौशी मंडळी त्यांवरून सॉफ्टवेअरची देवघेव करू लागली. सेकंदाला २,४०० बिट वेगाच्या मोडेमने ३६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीत मावणारा मजकूर उतरवून घेण्यास सु. २५ मिनिटे लागत व तेवढा वेळ दूरध्वनीची वाहिनी अडून राही. फाइल निम्मी झाली, की वेळ व खर्चही निम्मा होई.

सिस्टम एनहान्समेंट असोसिएट्स या संस्थेने १९८५ मध्ये काढलेली ‘आर्क’ ही आज्ञावली त्यामुळे लवकरच रूढ झाली. मिलवॉकी येथील फिल कॅट्झ यांनी तिची अधिक वेगवान आवृत्ती ‘पीकेआर्क’ प्रसृत केली. त्यावरून १९८८ मध्ये प्रताधिकार व व्यापारचिन्ह यांच्या भंगाचा दावा दाखल झाला आणि त्याच वर्षी तडजोडीने मिटला. वस्तुतः दोन्ही उद्योग लहान होते. तथापि बोर्डांवरील बहुतेकांची सहानुभूती कॅट्झ यांना मिळाली.

कॅट्झ यांनी १९८९ मध्ये नवी ‘पीकेझिप’ आज्ञावली आणली व झिप फाइलीच्या रचनेचे वर्णन सर्वांच्या वापरासाठी प्रसिद्ध केले. या रचनेत अखेरीस सर्व फाइलींची सूची असते. तसेच प्रत्येक फाइलीसाठी ३२ बिटांची पडताळणी-संख्या दिलेली असल्याने वाटेत झालेला बिघाड ध्यानी येतो. बोर्डचालकांनी आपले संग्रह झिपमध्ये रूपांतरित केले. १९९३ मध्ये लेंपेल-झिव व हफमन या दोन्ही रीतींचा मेळ घालणारी ‘डीफ्लेट’ पद्धती पीकेझिपमध्ये आली.

खुलेपणाचे महत्त्व लवकरच प्रत्ययास आले. जिफ चित्रांतील संपीडनावर युनिसिस कंपनीचे एकस्व होते. १९९४ च्या अखेरीस त्यापोटी शुल्काची मागणी पुढे येताच पर्याय म्हणून पीएनजी चित्रप्रकार तयार झाला व त्यासाठी डीफ्लेट स्वीकारण्यात आली. तिचे तपशील १९९६ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणक-दस्तऐवजांत प्रसिद्ध झाले.

कॅट्झ २००० साली वयाच्या ३७ व्या वर्षी निधन पावले. २०१५ मध्ये झिपवर आधारित दस्तऐवज-वेष्टनास आंतरराष्ट्रीय प्रमाणक लाभले. आजची ई-पब पुस्तके व अँड्रॉइड भ्रमणध्वनींची अनुप्रयोग-वेष्टने अंतर्रचनेने झिप फाइलीच आहेत. आर्कहून सरस संपीडनाइतकाच रचनेचा खुलेपणा या प्रसारास कारणीभूत ठरला.