न फोडता आत पाहण्याची विद्या

तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, उरण. नवी मुंबईच्या चहूबाजूंनी टाक्या, बॉयलर आणि पाइपांचे जाळे पसरलेले आहे. त्यात आम्ल आहे, वाफ आहे, मुंबई हायवरून समुद्रतळाच्या पाइपलाइनने उरणला येणारे तेल आणि वायू आहेत. हे सारे काही मिलिमीटर जाडीच्या पोलादाआड सुखरूप राहते, कारण ते पोलाद आणि त्याचे जोड कुणीतरी तपासलेले असतात. तपासणारा ना पाइप कापतो, ना जोड फोडतो. कापून पाहिले तर सगळे कळेल, पण मग पाइप उरणार नाही. या अडचणीतून उभ्या राहिलेल्या विद्येला कारखान्यात सगळे एनडीटी (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग) म्हणतात. तिच्यात पाऊल टाकणाऱ्या आयटीआयच्या, डिप्लोमाच्या विद्यार्थ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

विद्या वाटते तितकी नवी नाही. विल्हेल्म राँटगेन यांनी डिसेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांवर पहिला निबंध लिहिला. पत्नीच्या हाताची छबी जगभर गाजली. पण धातूच्या तुकड्यातली असमानताही या किरणांनी उघड होते, ही नोंद त्या पहिल्याच निबंधात आहे.

बहुतेक पाठ्यपुस्तके पद्धतींच्या यादीने सुरू होतात: व्हिज्युअल, पीटी (पेनिट्रंट), एमटी (मॅग्नेटिक पार्टिकल), यूटी (अल्ट्रासोनिक), आरटी (रेडिओग्राफी). माझे मत वेगळे आहे. विद्यार्थ्याने आधी शिकावे ते हे, की कोणत्या पद्धतीला काय दिसत नाही. रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले जाते. ‘दोष नाही’ असे कुणी लिहू शकत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर ओळखणे हाच या क्षेत्राचा गाभा आहे.

वेल्डिंगचा साधा V-जोड घ्या. आत अडकलेला स्लॅग किंवा वायूचे बुडबुडे रेडिओग्राफीत छान उमटतात. पण वितळलेला धातू कडेला नीट धरलाच नसेल, तर तिथे राहते ती कागदासारखी पातळ फट. किरण त्या फटीच्या प्रतलातून गेला तरच ती फिल्मवर दिसते. आडवा गेला तर फिल्म स्वच्छ येते. इथे अल्ट्रासोनिक कामाला येते. जोडाचा एकूण कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक कड उभ्या रेषेशी ३० अंशांनी कललेली असते. म्हणून ६० अंशांचा प्रोब घ्यायचा. त्याची लहर तळावरून परतून वर येताना त्या कडेवर बरोबर काटकोनात आदळते आणि पडद्यावर एको उभा राहतो. भलताच प्रोब घेतला तर लहर दुसरीकडे निघून जाते, पडदा शांत राहतो आणि तपासणाऱ्याला जोड चांगला वाटतो. शाळेतली भूमिती इथे अशी रोज लागते.

बाकीच्या पद्धतींच्या मर्यादाही अशाच रोखठोक आहेत. एमटीला चुंबकाला चिकटणारा धातूच हवा. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस स्टीलवर ती चालत नाही. शिवाय भेग चुंबकरेषांना आडवी हवी, म्हणून योक, म्हणजे हातातला विद्युतचुंबक, एकदा लावून भागत नाही, काटकोनात वळवून पुन्हा लावावा लागतो. पीटीला पृष्ठभागावर तोंड उघडे असलेलीच भेग सापडते. आपल्या हवेत तिची जास्तच परीक्षा होते: पावसाळ्यात भेगेत आधीच पाणी भरलेले असेल तर तपासणीचा लाल द्रव, म्हणजे पेनिट्रंट, आत शिरत नाही, आणि मे महिन्यात उन्हात तापलेले पत्रे ५२ अंशांची नेहमीची मर्यादा ओलांडू शकतात.

रेडिओग्राफीचा एक महत्त्वाचा पत्ता नवी मुंबईचाच आहे. अणुऊर्जा विभागाचे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ब्रिट, वाशीत आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत इरिडियम किरणोत्सारी केले जाते आणि ब्रिट क्ष-किरणांच्या जागी वापरायचे त्याचे सीलबंद सोर्स पुरवते. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे. आज ज्या जोडाला चार मिनिटांचे एक्सपोजर लागते, त्याला अडीच महिन्यांनी आठ मिनिटे लागतील. हे काम बहुधा रात्री चालते, कारण आवारात माणसे कमी असतात. दोरी बांधून भाग अडवायचा, क्रँक फिरवून सोर्स गाईड ट्यूबमधून बाहेर काढायचा, वेळ भरली की परत ओढायचा. क्रँक पूर्ण फिरला म्हणजे सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या संरक्षक पेटीत, बसलाच असे नाही. सर्व्हे मीटरने तसे सांगेपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही. या कामाला अणुऊर्जा नियामक परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण लागते आणि छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लागतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०, ही कामगारासाठी मर्यादा आहे.

नोकरीच्या वाटेबद्दल थोडक्यात. लेव्हल १ सांगितल्याप्रमाणे तपासतो, लेव्हल २ निकाल देतो, लेव्हल ३ कार्यपद्धती ठरवतो. प्रत्येक पद्धतीचे प्रमाणपत्र वेगळे आणि जवळची नजर दरवर्षी तपासली जाते. एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकी शिफारशींनुसारचे प्रमाणपत्र मालक देतो; नोकरी बदलली की नव्या मालकाने ते पुन्हा द्यावे लागते. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र स्वतंत्र संस्था देते आणि ते माणसाबरोबर जाते. आखातात नोकरीचा विचार करणाऱ्यांनी हा फरक फी भरण्याआधी समजून घ्यावा.

सुरुवातीची वर्षे कष्टाची आहेत. शटडाउनमध्ये झोप नाही, मचाणावर चढून काम, आणि सकाळी सगळ्यांना हवा असतो ‘पास’चा शेरा. तो देताना १४ मार्च २०१९ आठवावा. त्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा पादचारी पूल कोसळून सात जण दगावले; आधीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीवर वापरायोग्य ठरला होता.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. सपोर्टखाली दडलेला जोड, रंग न काढलेला पट्टा, हात न पोचलेला कोपरा, असे जे तपासता आले नाही तेही रिपोर्टमध्ये लिहा, आणि मगच सही करा.